स्पिटफायर मार्क ९ उडवायचं कसं: इंजिन सुरू करण्यापासून बंद करेपर्यंत

स्पिटफायर हे दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान हवेत अतिशय समजूतदार आहे. वैमानिकाची परीक्षा पाहतं ते जमिनीवर. पंखा (नाकावरचा प्रॉपेलर) मोडणं, नाकावर उभं राहणं, उतरताना गर्रकन फिरून चाकाचा पाय मुडपणं, हे सगळं धावपट्टीवर किंवा तिच्या आसपासच घडतं. म्हणून इथे टॅक्सी, टेकऑफ आणि लँडिंगला जास्त जागा दिली आहे आणि हवेतल्या भागाला कमी.

विमान धरलं आहे मार्क ९, इंजिन मर्लिन ६६. आज इंग्लंडमध्ये डक्सफर्ड, बिगिन हिल, गुडवुड इथून दोन आसनांची जी स्पिटफायर उडतात, त्यांतली बरीचशी याच मार्कची. आकडे युद्धकाळातल्या ब्रिटिश हवाई मंत्रालयाच्या सूचनांना धरून आहेत. पण ज्या विमानात बसाल त्याच्या मालकाने त्याहून कडक मर्यादा घातली असेल, तर तीच पाळायची. ऐंशी वर्षं जुन्या इंजिनावर युद्धातली मर्यादा वापरून पाहण्यात काही अर्थ नाही.

एक गोष्ट आधीच नीट समजून घ्या: बूस्ट. ब्रिटिश विमानात मॅनिफोल्डमधला, म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या हवेचा, दाब इंच पाऱ्यात दाखवत नाहीत, तर समुद्रसपाटीच्या हवेच्या दाबापेक्षा दर चौरस इंचाला किती पौंड जास्त, असा दाखवतात. शून्य बूस्ट म्हणजे साधारण ३० इंच. +७ म्हणजे ४४, +१२ म्हणजे ५४ आणि +१८ म्हणजे ६६ इंचांच्या वर. अमेरिकी विमानांवर शिकलेल्यांनी हे चार आकडे पाठच करावेत, कारण टेकऑफच्या वेळी मनात गणित करायला सवड नसते.

आधीची तयारी

थेट स्पिटफायरमध्ये बसता येत नाही आणि बसूही नये. शेपूट जमिनीला टेकवून उभ्या राहणाऱ्या हलक्या विमानावर, टायगर मॉथ किंवा चिपमंकवर, हात बसवायचा. मग हार्वर्ड हे दोन आसनांचं प्रशिक्षण विमान, आणि तेही मागच्या आसनावरून. मागून पुढचं काही दिसत नाही, धावपट्टी फक्त दोन्ही कडांनी दिसते, आणि स्पिटफायरमध्ये नेमकं तेच वाट्याला येतं. हार्वर्ड मागच्या आसनावरून, आडव्या वाऱ्यात, सरळ रेषेत उतरवता येऊ लागलं की निम्मं काम झालं. मर्लिनची ताकद ही त्यामानाने लवकर अंगवळणी पडते.

कॉकपिटमध्ये इंजिन बंद असताना बसून काढलेला वेळ फुकट जात नाही. डोळे मिटून प्रत्येक दांडा, बटण आणि चाक हाताला लागलं पाहिजे. थ्रॉटल, पंख्याचा दांडा (फेऱ्या ठरवणारा) आणि ट्रिमची चाकं (काठी-रडरवरचा दाब हलका करणारी) डावीकडे, चाकं वर-खाली करण्याचा दांडा उजवीकडे, फ्लॅपची (उतरताना पंखांमागे खाली पडणाऱ्या झडपांची) कळ पॅनेलवर डाव्या अंगाला वर. ब्रेकचा दांडा काठीच्या (विमान वळवायच्या मुख्य दांड्याच्या) गोल मुठीवर, सायकलच्या ब्रेकसारखा. तो दाबायचा आणि पायाने रडर (शेपटीवरचं सुकाणू) द्यायचा, म्हणजे त्या बाजूच्या चाकाला जास्त ब्रेक लागतो. पायाच्या बोटांनी ब्रेक लावायची सवय असलेल्यांना हे पहिले काही तास जड जातं.

बाहेरून पाहणी

पंखांखाली दोन रेडिएटर असतात. डाव्यात कूलंटसोबत तेलाचा कूलर, उजव्यात कूलंटसोबत सुपरचार्जरचा (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या यंत्राचा) इंटरकूलर. दोन्हींच्या तोंडाशी गवत, चिखल, पक्ष्याचं घरटं काही अडकलेलं नाही ना, हे वाकून आणि हात घालून पाहायचं. कूलंट म्हणजे सत्तर टक्के पाणी आणि तीस टक्के ग्लायकॉल. गळती असेल तर वासाला गोडसर आणि बोटाला बुळबुळीत लागते. रेडिएटरच्या कडेला थेंब दिसला तर तो कशाचा हे कळेपर्यंत उड्डाण नाही.

पंख्याच्या पात्यांची टोकं बोटाने चाचपा. पाती लाकडी असतात. खड्यामुळे पडलेली छोटीशी खोकही मेकॅनिकला दाखवायची. पंख्याचा व्यास १० फूट ९ इंच आहे, आणि शेपूट उचलल्यावर टोक जमिनीपासून थोड्याच इंचांवर फिरतं. पुढे टेकऑफच्या वेळी हे आठवावं लागेल.

इंधन मोजून घ्या. वैमानिकापुढच्या दोन टाक्यांत मिळून ८५ इम्पीरियल गॅलन, म्हणजे सुमारे ३८५ लिटर मावतं. वरची टाकी ४८ आणि खालची ३७. शांत क्रूझला तासाला ४० गॅलनच्या आसपास जातात आणि थ्रॉटल पुढे सारला की हा आकडा झपाट्याने वाढतो. तेव्हा तासाभराच्या पुढे बेत आखू नये.

इंजिन सुरू करताना

तोंड वाऱ्याकडे, चाकांना अडण्या, बाहेर आग विझवायचं नळकांडं घेऊन एक माणूस. मग या क्रमाने:

१. इंधनाचा कॉक चालू, मॅग्नेटो (प्लगला ठिणगी देणारी यंत्रं) बंद. थ्रॉटल अर्धा ते एक इंच पुढे. पंख्याचा दांडा पूर्ण पुढे. आयडल कट-ऑफ (इंजिनाचं इंधन तोडणारा दांडा) बंद स्थितीत, म्हणजे इंधन तोडलेलं.

२. बूस्टर पंप थोडा वेळ चालवून कार्ब्युरेटरपर्यंत इंधन आणायचं. या काळात आयडल कट-ऑफ उघडा राहिला तर पेट्रोल थेट सुपरचार्जरमध्ये साचतं आणि पहिल्या ठिणगीला खाली आग लागते. मर्लिन ६६ सुरू करताना लागणाऱ्या आगींचं हे नेहमीचं कारण आहे.

३. हाताने प्रायमर (सुरुवातीचं पेट्रोल इंजिनात मारणारा छोटा पंप). आधी तो घट्ट लागेपर्यंत मारायचा, कारण तोपर्यंत नळीत हवाच असते. त्यानंतरचे मोजायचे. उन्हाळ्यात तीनेक पुरतात, थंडीत जास्त लागतात, गरम इंजिनाला एकही नको.

४. मॅग्नेटो चालू, स्टार्टर आणि बूस्टर कॉइलची बटणं एकदम दाबायची. २० सेकंदांच्या वर दाबून धरायची नाहीत. सुरू झालं नाही तर ३० सेकंद थांबून पुन्हा.

५. इंजिन बोलू लागलं की आयडल कट-ऑफ चालू स्थितीत. बूस्टर कॉइलचं बटण इंजिन एकसारखं चालेपर्यंत सोडायचं नाही. प्रायमर आत दाबून फिरवून बंद करायचा. तो अर्धवट राहिला तर इंजिन त्यातून पेट्रोल ओढत राहतं आणि काळा धूर काढत अडखळतं.

एक्झॉस्टमधून ज्वाळा दिसल्या तरी स्टार्टर सोडू नका. इंजिन फिरत राहिलं तर आग आत ओढली जाते. बाहेरचा माणूस आग टिकली असं खुणावेल तर इंधन बंद, थ्रॉटल पूर्ण पुढे, आणि स्टार्टर चालूच.

तेलाचा दाब लगेच चढला पाहिजे. उड्डाणात नेहमीचा दाब ६० ते ८० पौंड. अर्ध्या मिनिटात काटा हलला नाही तर इंजिन बंद.

इथून घड्याळ चालू

मिनिटाला १,२०० फेऱ्यांवर इंजिन गरम होऊ द्यायचं. टेकऑफसाठी तेल किमान १५ अंश आणि कूलंट किमान ६० अंश हवं. थंडीत तेलाला वेळ लागतो. कूलंट मात्र थांबत नाही. चाकांचे पाय रेडिएटरच्या पुढे येतात, विमान उभं असताना हवा फक्त पंख्याची, तीही मध्यभागी जास्त आणि पंखांखाली कमी. त्यामुळे काटा ६० ओलांडतो आणि चढतच जातो. रेडिएटरची झडप ११५ अंशांला आपोआप उघडते, पण जमिनीवर त्याची वाट न पाहता चाचणीच्या बटणाने ती आधीच उघडून ठेवावी.

सगळी घाई या काट्याची असते. रेडिओवरचं बोलणं, नकाशा, पट्टे, ट्रिम हे सगळं इंजिन सुरू करण्यापूर्वी उरकायचं. पुढे चार विमानं रांगेत असतील तर सुरूच करू नका. काटा १०० च्या पुढे गेला की निर्णय घ्यायचा: आत्ता निघता येत असेल तर निघायचं. ११० ला पोचला आणि अजून वाट मोकळी नसेल, तर नाक वाऱ्याकडे करून इंजिन बंद. पुन्हा गार व्हायला अर्धा तास गेला तरी चालेल. उकळलेल्या कूलंटने सिलिंडरच्या डोक्याचं सील गेलं तर विमान त्या हंगामापुरतं जमिनीवरच राहतं.

रन-अप, म्हणजे टेकऑफपूर्वीची इंजिनाची चाचणी, शून्य बूस्टवर, नाक वाऱ्यात. पंख्याचा दांडा एक-दोनदा मागे-पुढे करून त्यातलं तेल गरम करायचं. मग एकेक मॅग्नेटो बंद करून पाहायचा: फेऱ्या १५० पेक्षा जास्त घसरता कामा नयेत. जास्त घसरल्या आणि इंजिन खडखडलं, तर बहुतेक वेळा प्लगवर काजळी किंवा शिसं बसलेलं असतं. थोडी ताकद वाढवून अर्धं मिनिट चालवलं की ते जळून जातं. दुसऱ्या खेपेलाही तसंच झालं तर परत फिरा. काठी पोटाशी घट्ट ओढलेली हवी, नाहीतर शेपूट उचलेल. याहून जास्त ताकद लावून पाहायची असेल तर शेपूट बांधूनच.

टॅक्सी

नाकापुढचं काहीच दिसत नाही. त्यामुळे सरळ चालायचं नाही. डावीकडे वळून उजव्या बाजूने पाहायचं, मग उजवीकडे वळून डाव्या बाजूने. शेपटीचं चाक मोकळं फिरतं, त्याला दिशा नाही. वळवायचं ते थोडी ताकद, रडर आणि हलका ब्रेक यांनी. क्रम महत्त्वाचा: आधी रडर, मग ब्रेकचा स्पर्श, आणि विमान वळायला लागताच ब्रेक सोडून उलट रडर तयार ठेवायचा. थ्रॉटल पुढे असताना जोरात ब्रेक लावला की शेपूट सरळ वर येते आणि पंखा जमिनीत जातो. मुख्य चाकं वजनाच्या मध्याच्या थोडीशीच पुढे आहेत, त्यामुळे शेपूट वर यायला फारसं निमित्त लागत नाही. मागून जोराचा वारा असेल तर पंखाच्या टोकाशी एक माणूस चालत ठेवा.

ब्रेक हवेच्या दाबावर चालतात आणि फ्लॅपही त्याच हवेवर. सारखे ब्रेक दाबत आलात तर टाकीतली हवा संपते, आणि कमी फेऱ्यांवर कॉम्प्रेसर ती सावकाश भरतो. दाबाच्या घड्याळाकडे टॅक्सी करताना दोनदा तरी पाहा.

टेकऑफ

शेवटची तपासणी: एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारा शेपटीचा भाग) ट्रिम एक घर नाक खाली, रडर ट्रिम पूर्ण उजवीकडे, पंखा पूर्ण पुढे, इंधन आणि बूस्टर पंप चालू, फ्लॅप वर, सुपरचार्जर आपोआप बदलण्याच्या जागी. छत उघडं आणि अडकवलेलं. थ्रॉटलची घर्षणाची चकती घट्ट. या चकतीचं कारण पुढे येईल.

मर्लिनचा पंखा कॉकपिटमधून पाहता घड्याळाच्या दिशेने फिरतो, म्हणून विमान डावीकडे ओढतं. थ्रॉटल सावकाश पुढे, जेवढी ताकद वाढेल तेवढा उजवा पाय. ओढ सुरू झाल्यावर पाय देणं म्हणजे उशीर. शेपूट उचलताना पंख्याच्या जायरोमुळे डावीकडे आणखी एक हिसका बसतो, म्हणून शेपूट हळूहळू आणि थोडीच उचलायची, इतकी की नाक क्षितिजाच्या जरा वरच राहील. पूर्ण सपाट केलीत तर पात्यांची टोकं गवत कापू लागतील.

+७ ते +८ बूस्ट भरपूर होतो. +१८ ही युद्धातली मर्यादा आहे. हलक्या विमानात तो एकदम दिला तर डावा पंख खाली जातो आणि रडर पुरेनासा होतो.

भारतीय हवाई दलाच्या इतिहासात रस असलेल्यांनी इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आपल्या ८ क्रमांकाच्या स्क्वाड्रनला १९४४ मध्ये मिळालेली मार्क ८ स्पिटफायर मर्लिनची होती. त्यानंतर आलेली मार्क १४ आणि मार्क १८ ग्रिफन इंजिनाची. ग्रिफनचा पंखा उलटा फिरतो. रडर ट्रिम पूर्ण डावीकडे, आणि पाय डावा. मर्लिनवर तयार झालेल्या वैमानिकाला हे बसल्या-बसल्या मोठ्याने म्हणून घ्यावं लागायचं, कारण सवयीने उजवा पाय गेला तर विमान सरळ धावपट्टीबाहेर. दिल्लीत पालमच्या हवाई दल संग्रहालयात मार्क १८ उभं आहे. त्याच्या पात्यांचा पीळ आणि दोन चाकांमधलं जेमतेम पावणेसहा फुटांचं अंतर समोर उभं राहून पाहा. वर लिहिलेलं बरंचसं तिथेच उमगतं.

चाकं वर

जमीन सोडली की डावा हात थ्रॉटलवरून काठीवर, उजवा हात चाकांच्या दांड्यावर. इथे दोन चुका होतात. एक, घर्षणाची चकती सैल असली तर हात काढताच कंपनांनी थ्रॉटल मागे सरकतो आणि पन्नास फुटांवर ताकद जाते. दुसरी, उजवा हात दांडा ढकलत असताना डावा हातही नकळत तसाच हलतो आणि विमान लाटेवरून गेल्यासारखं वरखाली होतं. एलिव्हेटर इतका हलका आहे की दोन बोटांचा दाबही त्याला पुरतो. डावी कोपर बरगडीला टेकवून धरली की हे थांबतं.

दांडा आतल्या बाजूला घेऊन पूर्ण पुढे. चाकं वर जाऊन अडकली की तो आपोआप खाचेत बसतो आणि लाल ‘अप’ उजळतं. ते दिसल्याशिवाय पुढचं काम हातात घेऊ नका. ताशी १६० मैलांच्या आत चाकं वर गेलेली हवीत. मग बूस्ट आणि फेऱ्या कमी करून १६० ते १८० मैलांवर चढत राहा. रेडिएटरला हवा मिळताच कूलंटचा काटा खाली येताना दिसेल.

हवेत

इथे फार सांगण्यासारखं नाही. काठी पुढे-मागे अतिशय हलकी आणि वेग वाढला की बाजूला जड होते. नव्या माणसाने वळणात काठी ओढायची नाही, दाबायची. सलग चालवण्याची मर्यादा २,६५० फेऱ्या आणि +७. रमतगमत उडताना १,८०० ते २,००० फेऱ्या पुरतात. पुरेशी उंची ठेवून चाकं आणि फ्लॅप वर असताना, मग खाली असताना, स्टॉल (वेग घटून पंखांची उचल सुटणं) करून पाहा: साधारण ९० आणि ७५ ते ८० मैल. आधी थरथर येते, मग एक पंख पडतो. काठी पुढे केली की सावरतं.

उतरताना

डाउनविंडवर, म्हणजे धावपट्टीला समांतर उलट दिशेने जाताना, वेग १६० च्या खाली. चाकांचा दांडा आधी पूर्ण पुढे ढकलून दोन सेकंद धरायचा, म्हणजे चाकांचं वजन अडकवणाऱ्या पिनांवरून उतरतं, आणि मग एकाच हालचालीत मागे ‘डाउन’मध्ये. हे दोन सेकंद गाळले की पिना अडकून बसतात आणि दांडा हलत नाही. तसं झालं तर दांडा पुन्हा पुढे धरा. तरीही नाही, तर उंची घेऊन काठी झटक्याने पुढे करा, म्हणजे क्षणभर चाकांचं वजन पिनांवरून जातं. तेही जमलं नाही किंवा हायड्रॉलिक गेलं, तर दांडा ‘डाउन’मध्ये ठेवून आणीबाणीचा लाल दांडा दाबायचा. कार्बन डायऑक्साइडची बाटली चाकं खाली ढकलते. ती एकदाच चालते आणि त्यानंतर चाकं पुन्हा वर घेता येत नाहीत.

हिरवं ‘डाउन’ पाहिलं की ब्रेकचा दाब, पंखा पुढे, छत उघडं. चाकं खाली आली की रेडिएटर पुन्हा झाकला जातो, तेव्हा लांबलचक फेरा मारत बसू नका.

फ्लॅपला दोनच जागा: वर, किंवा पूर्ण ८५ अंश खाली. मधलं काही नाही. हवेच्या दाबाने ते झटक्यात पडतात, नाक खाली जातं आणि वेग चटकन उतरतो. ट्रिम लगेच मागे घ्या.

फायनल (धावपट्टीकडे येण्याचा शेवटचा टप्पा) सरळ करायची नाही, कारण सरळ आलात तर धावपट्टी नाकाआड जाते. डाउनविंडवरून एकच गोल वळण, ९५ ते १०० मैलांवर, डाव्या पंखापुढून धावपट्टी सतत दिसत ठेवून. पंख सपाट करायचे ते धावपट्टीच्या कडेवर, वेग तेव्हा ८५ ते ९० मैल. नजर पुढे नको, दोन्ही बाजूंच्या कडांवर. थ्रॉटल मागे, काठी सावकाश मागे, तीनही चाकं एकदम टेकवायची. वेग जास्त असेल तर विमान तरंगत राहतं. त्या वेळी काठी पुढे ढकलून बसवायला गेलात तर ते उडी मारतं.

खरं काम टेकल्यानंतर आहे. वेग घटतो तसा रडर निकामी होत जातो, चाकं जवळजवळ आहेत आणि शेपटीचं चाक मोकळं. नाक एक अंश फिरलं की तेव्हाच पाय द्या आणि लगेच काढा. काठी पोटाशीच. ब्रेक फक्त चालण्याच्या वेगाजवळ आल्यावर. आडवा वारा दहा नॉटच्या वर असेल तर नव्या माणसाने दुसरी धावपट्टी किंवा गवत शोधावं. गवतावर चाकं थोडी घसरतात, आणि तेवढी घसरण या विमानाला मानवते.

उतरणं बिघडलं, तर पुन्हा वर जाताना +७ पुरतो आणि तोही सावकाश. घाबरून थ्रॉटल भिंतीला लावला तर ८० मैल वेगात, फ्लॅप खाली असताना, विमान डावीकडे कलंडतं आणि त्या वेगात आयलरॉन (पंखांच्या टोकांकडच्या, कल सावरणाऱ्या पट्ट्या) त्याला थांबवू शकत नाहीत. आधी उजवा पाय, मग ताकद. चाकं वर. फ्लॅप मात्र वेग १२० च्या पुढे गेल्यावर आणि पुरेशी उंची मिळाल्यावरच वर घ्या, कारण ते उचलताच विमान दबतं.

बंद करताना

धावपट्टी सोडताच फ्लॅप वर, रेडिएटर उघडा, बूस्टर पंप बंद. ८०० ते ९०० फेऱ्यांवर थोडा वेळ चालू द्यायचं, पण काटा चढत असेल तर वाट पाहू नका. आयडल कट-ऑफने इंजिन थांबवायचं, पंखा पूर्ण थांबल्यावर मॅग्नेटो बंद, मग इंधन. मॅग्नेटोने बंद केलं तर सिलिंडरमध्ये पेट्रोल राहतं आणि गरम इंजिन पंख्याला हात लावणाऱ्याच्या अंगावर एखादा फेरा मारू शकतं.

चाकांना अडण्या लागल्या की ब्रेक सोडा. तापलेले ब्रेक दाबून ठेवले तर चिकटतात. वहीत जास्तीत जास्त बूस्ट, फेऱ्या, कूलंट आणि तेलाचं तापमान लिहा, उतरल्यावर लगेच, कारण पुढच्या तपासणीत मेकॅनिक त्याच आकड्यांवर ठरवतो की गाळणी उघडायची की नाही. आणि कूलंटची पातळी पाहायची ती इंजिन पूर्ण गार झाल्यावर. प्रणाली दाबाखाली असते, गरम असताना झाकण सैल केलं तर उकळतं ग्लायकॉल थेट चेहऱ्यावर येतं.